जळगाव ते सोनगीर, व्हाया एरंडोलला राहिलेल्या अक्का

आमचं चष्म्याचं दुकान सोमवारी बंद असतं, आणि सोमवारी मी काय करते हे आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. मी एसटीत बसते. कुठल्या गावात काम नसतं, नातेवाईक नसतात, नवसही बोललेला नसतो. साधी लाल गाडी पकडायची, खिडकी मिळवायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि जमलं तर दुसऱ्या रस्त्याने घरी यायचं. माझ्या नवऱ्याला, विवेकला, सुरुवातीला वाटायचं की मला माहेरची ओढ लागलीय. पुढे त्याच्या लक्षात आलं की मी माहेरच्या दिशेची गाडी कधी धरतच नाही.

या हिवाळ्यात धुळ्याच्या पंकजचा फोन आला. पंकज म्हणजे आमच्या बसवेड्यांच्या ग्रुपमधला सगळ्यात पक्का माणूस. म्हणाला, "ताई, आमच्या देवपूर स्टँडवरून सोनगीरकडे एक जुनी गाडी अजून जाते. ॲल्युमिनियमचं अंग, एका बाजूला तिघांचं बाकडं, दुसऱ्या बाजूला दोघांचं. घंटीची दोरीसुद्धा आहे. पण आता थोड्या दिवसांची पाहुणी दिसतेय. बसायचं असेल तर लवकर या."

ज्यांना बसचं वेड नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. हल्लीच्या गाड्यांना दोन्हीकडे दोन-दोन सीट, उंच पाठी, चार्जिंगची सोय. चांगल्याच आहेत त्या. पण मी लहानपणी ज्या गाडीत आईच्या मांडीवर झोपले, तिचा आवाज वेगळा होता. वेग धरला की सगळ्या खिडक्या एका सुरात थरथरायच्या. तो सूर मला परत एकदा ऐकायचा होता. पंकजने सांगितलं की ती गाडी दुपारच्या आधी देवपूरहून निघते, सोनगीरवरून आत एका खेड्यात जाते आणि परत येते. मी विवेकला म्हटलं, "सोमवारी जातेय." तो म्हणाला, "स्वेटर ने."

सोमवारी उजाडतानाच जळगावच्या नव्या बसस्थानकावर पोचले. तुम्हाला जायचं असेल तर सकाळचीच गाडी धरा. धुळ्याच्या गाड्या सतत असतात, पण विचारताना नीट विचारा. लांब पल्ल्याच्या काही गाड्या एरंडोल, पारोळा ही गावं बाहेरूनच ओलांडतात. मला साधी, सगळीकडे थांबणारी हवी होती. ती मिळाली, चालकाच्या मागची तिसरी खिडकीही मिळाली. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे साध्या गाडीत सकाळीच म्हाताऱ्या माणसांची आणि बायकांची छान गर्दी असते. पुरुष मंडळी मागे उभी.

गिरणेच्या पुलावर थंडी खिडकीतून आत आली. खालच्या पात्रात धुकं होतं. पलीकडे केळीची शेतं, मग कपाशीची. वेचणी संपत आलेली, तरी बोंडांचे पांढरे तुकडे झाडांना लटकलेले. कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने हळूहळू चाललेल्या, आणि त्यांच्या मागे बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस.

पाळधीला एक जोडपं चढलं. धोतर, पांढरी टोपी, अंगात विटकरी स्वेटर घातलेले नाना, आणि त्यांच्या मागे हिरव्या नऊवारीतल्या अक्का. त्यांची नावं मला नंतर कळली, पण नाना-अक्का हेच पुरेसं होतं. सगळी गाडी त्यांना तेच म्हणत होती. नानांच्या हातात एक भलीमोठी पिशवी होती आणि पिशवीतून हिरवी, पांढरट रेघांची भरताची वांगी डोकावत होती. ती दोघं माझ्या पुढच्याच बाकावर बसली. नानांनी पिशवी मांडीवर घेतली.

"नाना, पिशवी खाली ठेवा ना," वाहक म्हणाला.

"खाले दबाई जाथीन," नाना म्हणाले. खाली ठेवली तर दबतील.

अक्का वळून माझ्याकडे बघून हसल्या. त्या धाकट्या बहिणीकडे सोनगीरला निघाल्या होत्या. बहिणीला गेल्या उन्हाळ्यात सून आलेली, आणि नव्या सुनेला अजून खानदेशी भरीत जमत नाही, अशी बहिणीची तक्रार. म्हणून आपल्या मळ्यातली वांगी घेऊन अक्का स्वतः शिकवायला चालल्या होत्या. "सोनगीर? मीपण तिकडेच," मी म्हटलं. "कोणाकडे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीत बसायला. त्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी टोपी सारखी केली.

एरंडोलच्या स्टँडवर गाडी जरा वेळ थांबते. चहा, पेरू, उकडलेल्या शेंगा असं सगळं खिडकीशी येतं. शेंगा घ्या, चांगल्या असतात. मी शेंगा घेण्यात गुंतले होते तेव्हा अक्का उठल्या आणि खाली उतरल्या हे मी पाहिलं. स्वच्छतागृहाकडे गेल्या असाव्यात असं मनात आलं आणि मी परत शेंगांकडे वळले. नाना वांग्यांच्या पिशवीवर हनुवटी टेकून डुलक्या घेत होते.

वाहक चढला. नानांच्या शेजारची जागा रिकामी बघून त्याने विचारलंसुद्धा, "नाना, बसले का सगळे? निघायचं?"

"चाला, चाला," नाना म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मी त्या वेळी मागच्या खिडकीतून स्थानकात शिरणाऱ्या दोन गाड्या बघत होते. एक भुसावळकडून आलेली लांब पल्ल्याची, एक साधी. असल्या गोष्टी बघायची सवय. अक्का आत आल्या की नाही, हे मी पाहिलं नाही.

गाव मागे पडलं, गाडी महामार्गाला लागली, बरंच पुढे गेल्यावर एका खड्ड्यात आपटली आणि नाना जागे झाले. त्यांनी शेजारी हात फिरवला. मग मागे वळून पाहिलं. मग उभे राहिले.

"ती कोठे शे?"

कोणालाच काही कळेना. मीच ओरडले, "वाहकभाऊ, अक्का राहिल्या एरंडोलला!"

गाडी कडेला घेतली. सगळे एकदम बोलायला लागले. नानांनी खिशातून मोबाईल काढला आणि अक्कांना फोन लावला. घंटी वाजली ती वांग्यांच्या पिशवीतून. अक्कांचा फोन, त्यांच्या पैशांचा बटवा, सगळं तिथेच वांग्यांवर ठेवलेलं होतं.

मागे उभा असलेला एक तरुण म्हणाला, "वांगी सांभाळली नाना, अक्का विसरले." काही जण हसले. नाना हसले नाहीत. ते बाकाची दांडी धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

वाहकाने एरंडोलला फोन केला. तिकडून निरोप आला की हिरव्या लुगड्यातली एक बाई आत्ता इथे चौकशीच्या खिडकीशी उभी होती, पण ती लगेच धुळ्याच्या गाडीत बसून निघाली. कुठल्या? ते सांगता येत नाही. दोन गाड्या पाठोपाठ सुटल्या.

त्या दोन्ही मी पाहिलेल्या होत्या. लांब पल्ल्याची गाडी पारोळ्यात शिरणार नव्हती, बाहेरच्या रस्त्याने थेट धुळ्याला जाणार. साधी गाडी पारोळा स्टँडवर येणार. म्हणजे अक्का पहिल्या गाडीत असतील तर आपल्या आधीच धुळ्यात पोचतील आणि तिथे फोन-पैशांशिवाय एकट्या उभ्या राहतील. दुसरीत असतील तर मागून पारोळ्याला येतील.

नाना म्हणाले, "मी पारोळाले उतरस." लगेच म्हणाले, "पण ती धुळाले गयी व्हई तं?" मग खालीच बसले. "तिनी कधी एकलीनी गाडी धरेल नही वो माय. माले इचारल्याबिगर ती पाणीसुद्धा नही पेत."

मला तेव्हा जे सुचलं ते मी बोलून टाकलं. "नाना, तुम्ही धुळ्याला जा. मी पारोळ्याला उतरते. मी अक्कांना पाहिलंय, ओळखीन. तुमचा नंबर द्या."

वाहक म्हणाला, "ताई बरोबर बोलतायत." नंबर घेतला. आणि नंबर घेताना माझ्या ध्यानात आलं की पारोळ्याला उतरलं, मागची गाडी धरली, की देवपूरची माझी जुनी गाडी हातची गेली. खोटं कशाला सांगू, मी आधी घड्याळाकडे बघितलं. त्या गाडीसाठी पंधरवडाभर मी विवेकचं डोकं खाल्लं होतं. पण समोर नाना पिशवीत हात घालून वांगी नीट लावत होते, पुन्हा पुन्हा तीच, आणि त्यांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं. पारोळा आलं. मी उतरले.

पारोळ्याच्या स्टँडबद्दल लिहायचं तर चहा फक्कड आहे, आलं भरपूर घालतात. गावात मधोमध जुना किल्ला आहे, वेळ असेल तर बघा. मला वेळ होता आणि मी कुठेच गेले नाही. स्थानकात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाटीकडे मान उंच करून बघत राहिले. एवढ्यात पंकजचा मेसेज आला: "गाडी लागलीय. कुठपर्यंत आलात?" सोबत फोटो. लाल-पिवळी, एका बाजूला किंचित झुकलेली, पुढचा बंपर दोरीने बांधलेला. मी लिहिलं, "पारोळा. नाही जमणार." त्याने रडका चेहरा पाठवला.

अमळनेरची गाडी आली, चाळीसगावची आली. माझ्या मनात भलतेसलते विचार यायला लागले. अक्का कोणत्याच गाडीत नसतील तर? भलत्याच गाडीत चढल्या असतील तर? नानांचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "उनी का?", आली का, आणि माझं "अजून नाही" ऐकून फोन ठेवून दिला.

आणि मग ती साधी गाडी वळणावरून आत शिरली, आणि सगळ्यात पुढच्या, वाहकाच्या राखीव सीटवर, खिडकीतून हात बाहेर काढून अक्का बसलेल्या. हातात पेरू. कोणीतरी त्यांना पेरू दिला होता!

मी धावत चढले. "अक्का!"

त्यांनी मला ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. "तू कशी आठे? तूबी ऱ्हाई गयी का?" तूही राहिलीस का!

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पेरू खात होत्या. मग त्यांनी त्यांची हकीकत सांगितली. बाहेर आल्या तर गाडी नाही. आधी वाटलं, जागा बदलली असेल. सगळ्या गाड्यांच्या पुढून फिरून आल्या. मग पेरूवालीच्या टोपलीजवळ बसल्या. पेरूवाली म्हणाली, बसून काय होणार, चौकशीच्या खिडकीवर जा. खिडकीवर गेल्या. तिथे एक मुलगी तिकीट-पास विचारत होती. तिची आटोपेपर्यंत थांबवेना, तेवढ्यात समोरच्या गाडीचा वाहक 'धुळे, धुळे' ओरडला. त्याच्याकडे जाऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, पुढली गाडीमा मना मालक शेत. मना पैसा, मना फोन, मना आधार कार्ड, बठ्ठं त्यास्ना जोडे शे. माले ली चाल." पुढच्या गाडीत माझे मालक आहेत, माझं सगळं त्यांच्यापाशी आहे, मला घेऊन चल. वाहकाने वर ओढून घेतलं आणि स्वतःची सीट दिली. पेरूवालीने पळत येऊन खिडकीतून दोन पेरू दिले.

"घाबरलात ना?" मी विचारलं.

"घाबरनू. पाळधी ते एरंडोल जेवढं, तेवढं घाबरनू," त्या म्हणाल्या. "मंग आठे पुढे बसनू. कसं मस्त दिखास! मी जल्मात कधी पुढे बसेल नही. मालक मांगेच बसतस, पुढे धक्का लागस म्हणतस."

खरंच, समोरच्या मोठ्या काचेतून सगळा रस्ता अंगावर येत होता. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले आणि नानांना फोन लावायला घेतला. अक्कांनी माझा हात धरला. "आत्तेच नको. जराखं बसू दे त्यास्ले."

मला हसू आलं, पण मी म्हटलं, "अक्का, त्यांची फार वाईट अवस्था होती." आणि फोन लावला, स्पीकर चालू केला. "नाना, अक्का माझ्याजवळ आहेत. ठीक आहेत."

पलीकडून स्थानकावरची घोषणा ऐकू येत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "चहा पिनी का ती?"

अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि उरलेला पेरू मला दिला.

मुकटी, फागणे, एकेक थांबा घेत गाडी धुळ्याकडे निघाली. प्रत्येक थांब्यावर अक्का वाहकाच्या आधी सांगायच्या: "उतरा, उतरा, कोनले उतरनं शे?" वाहक हसत होता. पंकजचा मेसेज आला, "सुटली." मी फोन पर्समध्ये टाकला.

धुळ्याच्या मुख्य स्टँडवर नाना फलाटाच्या अगदी कडेला उभे होते. पिशवी खांद्यावर, टोपी हातात. आम्ही उतरलो आणि इतका वेळ रडवेला असलेला तो माणूस अक्कांना बघताच एकदम चिडला.

"कोठे गयती तू?"

अक्का थांबल्या. "मी कोठे गऊ? तुम्हीन गयात! मी तठेच व्हतू!"

आजूबाजूचे दोन-तीन जण बघायला लागले. मग नाना खाली वाकले, पिशवीतून अक्कांचा बटवा काढला, फोन काढला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले. "हाई तुना जोडेच ठेव," ते म्हणाले. हे तुझ्यापाशीच ठेव. अक्कांनी बटवा कमरेला खोचला. फोन कुठे ठेवायचा ते कळेना, तो त्यांनी हातातच धरला.

आता पुढची व्यवस्था. धुळ्यात शहरात फिरायला सगळ्यात सोपी म्हणजे शेअर रिक्षा. मुख्य स्टँडवरून देवपूरला जायचं तर आग्रा रोडने जातात. दुकानांची रांग, भांडी, कपडे, स्वेटरचे ढीग, आणि मध्येच रिक्षा उजवीकडे वळून पांझरेच्या पुलावर येते. नदीत पाणी जेमतेम, पण पुलावर वारा छान. आमचे रिक्षावाले चाचा दाढीला मेंदी लावलेले, अतिशय शांत. त्यांनी अक्कांना मागे बसायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मी पुढे." चाचा म्हणाले, "अम्मा, आगे मैं बैठता हूँ." नानांनी कपाळाला हात लावला. मला वाटतं, त्या दिवसात ते पहिल्यांदा तिथे हसले.

देवपूर स्टँडवरून शिरपूरकडे जाणारी कुठलीही साधी गाडी सोनगीरला थांबते. आम्हाला नवीकोरी मिळाली, मऊ सीटची. मी जुनी गाडी हुकल्याचं अक्कांना तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मनामुळे?" मी म्हटलं, "नाही हो, नानांमुळे." नानांनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि अक्का इतक्या हसल्या की पुढच्या बाकावरची माणसं वळली.

सोनगीर महामार्गाला लागूनच आहे. वर टेकडीवर जुना किल्ला, खाली गाव. मी दोघांना फाट्यावरच निरोप देऊन गावात भटकणार होते, पण अक्कांनी मनगट धरलं ते सोडलंच नाही. बहिणीच्या, कमलमावशींच्या, घरी जाताना तांब्या-पितळेच्या भांड्यांची गल्ली लागली. प्रत्येक दारातून हातोडीचा आवाज, प्रत्येकाचा ठेका वेगळा. एका कारागिराने घागरीचा गळा ठोकता ठोकता वर न बघता "या" म्हटलं. भांडी घ्यायची असतील तर इथे नक्की या. घासाघीस चालते, पण बसून, चहा घेऊन.

कमलमावशींच्या मागच्या अंगणात काट्याकुट्यांचा जाळ पेटवून वांगी भाजली. नवी सून, वीस-बावीसची, बारीक अंगाची, अक्कांच्या समोर उकिडवी बसलेली. अक्का तिला शिकवत होत्या: वांगं पूर्ण काळं होऊ दे, घाई नको, साल काढताना पाण्यात बुडवू नको, चव जाते, मिरच्या पण त्याच जाळात, मग बडगीत ठेच, वाटू नको. लाकडी खोलगट बडगीत दणादण ठेचणं सुरू झालं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. मी किती भाकरी खाल्ल्या ते लिहीत नाही, विवेक हे वाचतो.

जेवताना अक्कांनी सकाळची हकीकत सगळ्यांना सांगितली. चौकशीच्या खिडकीशी थांबल्याची गोष्ट आता मोठी झाली होती, पेरू दोनाचे चार झाले होते, आणि वाहकाने स्वतः उठून सीट दिली हे तर तीनदा आलं. कमलमावशी म्हणाल्या, "नाना, तुम्हीन कसा इसरी गयात हो तिले?" सगळे नानांकडे बघायला लागले. मला वाटलं, ते काहीतरी सबब सांगतील. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "ती बाजूले शे असंच माले वाटनं. पन्नास वरीस बाजूलेच तं शे." आणि खाली मान घालून जेवायला लागले. अक्कांनी त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढलं.

दुपार कलायला लागली तशी मी निघाले. फाट्यावर सोडायला अक्का आल्या, नाना आले. आणि आम्ही बोलत उभे असताना खेड्याकडच्या रस्त्याने धुरळा उडवत ती आली. लाल-पिवळी, एका अंगाला झुकलेली, बंपरला दोरी. माझीच! खेड्यातून परत येताना ती सोनगीरवरूनच जाते हे मला माहीत होतं, पण तोवर ती निघून गेली असेल असं धरून चालले होते.

"हाई?" अक्का म्हणाल्या. "हाई गाडी देखाले तू जळगावथून उनी?" ह्या गाडीसाठी? त्यांच्या चेहऱ्यावर इतकी कीव होती की मी नुसती हसले. त्यांच्या पाया पडले आणि चढले.

खिडकी मिळाली असं वाटत असेल तुम्हाला. नाही मिळाली. गाडी खच्चून भरलेली होती. बाजाराला गेलेल्या बायका, कांद्याच्या रोपांच्या जुड्या, दोन कोंबड्या, कॉलेजची मुलं. मी मधल्या दांडीला लोंबकळत उभी. बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण महामार्गावर गाडीने वेग धरला आणि सगळ्या खिडक्या एका सुरात थरथरायला लागल्या. पायाखालची फळी, दांडी, माझे दात, सगळं त्या सुरात. मी डोळे मिटून ऐकत राहिले. शेजारची बाई म्हणाली, "चक्कर येतेय का? बसा, बसा," आणि तिघांच्या बाकड्यावर चौथी जागा करून दिली.

वाहकाचं माझ्याकडे लक्ष होतं. मी छताचे फोटो काढत होते, दोरीचे काढत होते. तो म्हणाला, "ताई, गाडी विकत घ्यायचीय का?" मी त्याला खरं ते सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग नगावच्या थांब्यावर माणसं चढल्यावर दोरीकडे बोट दाखवलं. "मारा डबल."

मी दोरी दोनदा ओढली. पुढे चालकाच्या डोक्यावर घंटी दोनदा वाजली आणि एवढी मोठी गाडी माझ्या हुकमाने हलली. माझं वय बघता हे लिहायला जरा लाज वाटते, पण मला हुंदका आला.

परतताना धुळ्याहून अमळनेर, धरणगावमार्गे आले. हा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा शांत आहे, शेतांच्या अगदी मधून जातो. अमळनेरला सूर्य मावळत होता; स्टँडवर गरम शेव-भजी खाल्ली. दिवसाचा सगळा खर्च एका सिनेमाच्या तिकिटाच्या आत बसला, तोही शेंगा-भजी धरून; सोनगीरहून आणलेला पितळी तांब्या मात्र वेगळा. ज्यांना हे करायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं: वेळापत्रक जवळ ठेवा, पण फार घट्ट धरून बसू नका.

घरी आल्यावर विवेकने विचारलं, "मिळाली का गाडी?" मी हो म्हटलं आणि दोरीची गोष्ट सांगितली. मग जेवताना पारोळ्याची सांगितली, आणि सांगता सांगता लक्षात आलं की मी जुन्या गाडीबद्दल जेवढं बोलले त्याच्या दुप्पट अक्कांबद्दल बोलतेय. फोटोही बघितले: छताचे, दोरीचे, बाकड्यांचे. अक्कांचा एकही नाही. पुढच्या काचेतून रस्ता बघणाऱ्या त्या बाईचा फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं. विवेकने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण कुठे गेलो तर तू माझ्यापाशी फोन ठेवायला देऊ नकोस."

मधे काही आठवडे गेले. परवा दुपारी दुकानात एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याचा स्क्रू बसवत असताना फोन वाजला. नंबर नानांचा नव्हता.

"वळखं का?" मागे गाडीचा आवाज होता, कोणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"अक्का! कुठे आहात?"

"एरंडोल सोडं आत्तेच. बहीणकडे चालनू. सूनबाई म्हणे, परत भरीत शिकाडा." मग आवाज हळू करून, जणू कोणी ऐकेल म्हणून, त्या म्हणाल्या, "पुढली सीट भेटनी."

मी विचारलं, "आणि नाना? मागे बसलेत का?"

"नाना घर शेत," अक्का म्हणाल्या. घरी आहेत! "म्हणतस, माले कसाले नही लयी गयी. मी सांगं, आते तुम्हीन बसा जराखं वाट देखत."